उंच पाऊल

३ ऑगस्ट १९१४

तिसऱ्या खेपेला पाय रिकिबीत बसला आणि मी अल्मावर चढलो. योखिमने लगाम धरून ठेवला होता. सोड म्हटले, तेव्हा सोडला. अंगणाला दोन फेऱ्या चालीने, दोन दुडकीने, मग फाटकाबाहेर कालव्यापर्यंत भरधाव. घोडी अकरा वर्षांची, मी एकसष्टचा. दोघांनाही धाप लागली नाही.

"पाहिलंस?" उतरल्यावर मी म्हणालो.

"पाहिलं, मेजरसाहेब. पण चढताना पाय..."

"रिकीब हलते आहे. चामडं बदल."

योखिम पलटणीत माझा अर्दली होता, आता मोतद्दार आहे. हल्ली मी चढायला गेलो की तो रिकिबीवर बोटाने टिचकी मारतो. म्हाताऱ्या माणसांना अशा सवयी लागतात. मी दुर्लक्ष करतो.

तार काल आली. बायकोने, लेनेने, ती दोनदा वाचून दाखवली. 'निवृत्त' हा शब्द दोन्ही वेळा आला नाही. तेरा वर्षे गुलाबांना खत घातल्यावर मी पुन्हा नुसता मेजर रोवेडर झालो आहे.

काम मात्र मनासारखे नाही. आमच्याच तालुक्यात अश्वभरती मंडळाचा प्रमुख. शेतकऱ्यांचे घोडे तपासायचे, लष्कराला चालतील ते घ्यायचे, गाडीत चढवायचे. होल्स्टाइनमधल्या सगळ्या जुन्या घोडदळवाल्यांना हेच दिले आहे. हे काम मी करीन. पण आल्टोनाच्या मुख्यालयाला आजच अर्ज गेला: राखीव घोडदळातली एखादी तुकडी मिळावी, आघाडीवर. अर्ज लेनेने लिहिला. तिचे अक्षर चांगले आहे. सही कुठे करायची तिथे तिने बोट ठेवले.

जिना चढताना मागून म्हणाली, "हेनिंग, गुडघे केवढे उचलतोस! सम्राट बघतोय की काय?"

गणवेश नुकताच उतरवला होता. माणसाच्या अंगात तो मुरलेला असतो. चालीत दिसतो.

४ ऑगस्ट

गुरांच्या बाजाराच्या मैदानावर भरती. नियम सोपे आहेत. चार वर्षांखालची, गाभण आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळी, एवढी जनावरे सुटतात. बाकी सगळी जातात.

लोक काय काय करतात! एकाने घोड्याच्या नाकात मिरपूड फुंकली होती. घोडा शिंकत होता आणि मालकही. दुसऱ्याने खुरात खडा बसवला होता. मी पाय उचलून अंगठ्याने तो खडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमचा. घोडा आमचा."

लोक हसले. तोही हसला.

पाय मी हातानेच पाहतो. नडगीवरून बोटे खाली न्यायची. शीर कुठे गरम लागते, कुठे सुजली आहे, ते बोटांना कळते. याला डोळ्यांची गरज नाही आणि घाईचा उपयोग नाही. माझ्या हाताखालून लंगडा घोडा आजवर सुटलेला नाही.

पशुवैद्य ल्यूथ माझ्या शेजारी असतो. चांगला माणूस, पण बडबड्या. घोडा पुढे आला रे आला की ओरडतो, "तांबूस घोडी, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा!"

"मला दिसतंय, ल्यूथ."

"लेखनिकासाठी सांगतोय, मेजर. तो पाठमोरा बसलाय."

लेखनिकाची खुर्ची फिरवायला लावली. ल्यूथ तरी ओरडतच राहिला.

दुपारी गिरणीवाल्या हार्डरने आपला दुसरा घोडा सोडताना सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "आणि मेजरसाहेबांची अल्मा कोणत्या रांगेत उभी राहणार?"

"अल्मा माझ्याबरोबर आघाडीवर जाणार आहे."

"हो का? मग आमचे घोडे तुम्हाला तिथंच भेटतील. त्यांना ओळख दाखवा."

नियम असाच आहे. आघाडीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याची घोडी त्याच्याबरोबर जाते. घरी राहणाऱ्याची मंडळापुढे येते. हार्डरला वाटते मी घरी राहून तिला लपवणार. तुकडी मिळाली की त्याचे तोंड बंद होईल.

शेवटी वीबके तेवेस आली. बांधापलीकडे तिचे शेत आहे, आमचे दूध तिथून येते. नवरा परवाच लष्करात गेला. तिने दोन्ही तरुण घोडे स्वतः ओढत आणले. दोन्ही उत्तम. घेतले.

"झालं समाधान, मेजरसाहेब?"

"तुमचे घोडे चांगले आहेत, तेवेसबाई. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"गहू उभा आहे. अभिमानानं कापता येत असेल तर सांगा. गाडीला नवऱ्याला जुंपलं असतं, पण तोही तुम्हीच नेलात."

तिच्याकडे आता एकच घोडी उरली आहे, मीके नावाची. तिचा विषय आज निघाला नाही.

६ ऑगस्ट

अर्जासोबत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. गावचा डॉक्टर माझा पत्त्यांतला जुना भिडू. हल्ली मी पत्ते खेळत नाही, कंटाळा येतो. त्याने नाडी पाहिली, छातीला कान लावला, गुडघ्यावर ठोकले.

"चष्मा?"

"कशाला?"

"बरोबर," म्हणून त्याने सही केली आणि दोन पेले भरले. पेल्याकडे हात नेताना माझा धक्का लागून एक सांडला. त्याने दुसरा भरला. आम्ही रेजिमेंटच्या नावाने प्यायलो.

घरी लेनेने विचारले, "त्यानं तुला काही वाचायला दिलं का?"

"प्रमाणपत्र दिलं."

"वाचलंस?"

"सही आहे त्याच्यावर. पुरे."

तिने टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवला. अजून बाहेर ऊन होते. तिचेही वय झाले.

ही दैनंदिनी आता सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहितो आहे. हल्लीची शाई फिकी येते.

७ ऑगस्ट

मुख्यालयाचा हुकूम आला, आकडा वाढवला आहे. पहिल्या खेपेत राहिलेली जनावरे आज पुन्हा बोलावली. ल्यूथला स्टेशनजवळच्या गोठ्यांवर जावे लागले. निवडलेले घोडे तिथे गाडीची वाट पाहत अडकले आहेत आणि त्यांच्यात खोकला पसरतो आहे. मी एकट्याने काम चालवले. शांत वाटले. कानाशी कोणी ओरडत नव्हते.

वीबके तेवेस मीकेला घेऊन आली.

"हिला नेता येणार नाही, मेजरसाहेब. हिला दिसत नाही."

आज सकाळपासून तिसऱ्यांदा हे ऐकत होतो. पहिल्या दोघांची जनावरे नुसत्या हाताच्या हालचालीने दचकली होती.

"कोणत्या डोळ्यानं दिसत नाही?"

"दोन्ही."

"मग इथवर आली कशी?"

"माझ्या मागं. तिला बांधावरचा रस्ता पाठ आहे."

मी मीकेच्या डोळ्यासमोरून हात नेला. तिने मान मागे घेतली. दुसऱ्या बाजूनेही तसेच. डोळे मला निर्मळ वाटले. जराशी धूसरता होती, पण ती या दिवसांत सगळीकडेच आहे, खाडीवरून येते. पाय तपासले: असे पाय या भरतीत पाहिले नाहीत. मग दोर हातात घेऊन तिला मैदानात चालवले. काय चाल! पाऊल उंच उचलते, क्षणभर धरते, मग ठेवते. कान एक पुढे, एक मागे, सतत जागे. पॉट्सडॅमच्या संचलनात अशी घोडी पाहण्यासाठी लोक माना वर करीत.

"सवारीची. पहिला वर्ग," मी म्हणालो.

लेखनिक घुटमळला. "मेजरसाहेब, हिचे डोळे जरा..."

"तुम्ही लिहा."

त्याने लिहिले.

वीबकेने दोर माझ्या हातातून घेतला नाही. तशीच उभी राहिली.

"तुम्ही हिच्या तोंडाकडे पाहिलंत का? नीट?"

"तेवेसबाई, जर्मनीला प्रत्येक घोड्याची गरज आहे."

"जर्मनीला विचारून बघा, आंधळी चालेल का." मग जवळ येऊन हळू म्हणाली, "तुमची लेनेबाई माझ्याकडं दूध न्यायला येते. तिला तोंड कसं दाखवाल?"

मी पुढचा घोडा बोलावला. मन घट्ट केल्याशिवाय हे काम होत नाही. एकीला सोडले तर सगळ्यांना सोडावे लागेल.

८ ऑगस्ट

आल्टोनाहून उत्तर आले! राखीव घोडदळाची तुकडी, श्लेस्विग येथे. चौदा तारखेला स्वतःच्या घोड्यासह हजर व्हायचे. दीडशे माणसे.

लेनेने पत्र वाचले, घडी घातली आणि ते माझ्या हाताखाली ठेवले. मग म्हणाली, "हेनिंग, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले?"

"इतक्यात चाराचे टोले पडले."

"टोले मी पण ऐकले. काटे कुठं आहेत?"

"चारावर," मी म्हणालो. "हा काय खेळ आहे?"

"खेळ नाही." ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

तिला भीती वाटते. पंचवीस वर्षे सैनिकाची बायको होती, पण युद्ध तिने पाहिलेले नाही. मीही नाही, हे खरे. सत्तर साली फ्रान्सशी लढाई झाली तेव्हा मी कॅडेट शाळेत होतो. जन्मभर ज्याची तालीम केली ते आता येते आहे आणि मी त्यासाठी घोड्यावर बसू शकतो.

योखिमही सामान बांधतो आहे. त्याला म्हणालो, तुझे नाव पत्रात नाही. तो म्हणाला, "रिकिबीचंही नाही."

९ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसलो, गणवेशात. प्रार्थनेची गाणी पाठ आहेत. बाहेर पडताना वीबके तेवेस समोरून गेली म्हणे. लेनेने सांगितले की तिने मान वळवली. माझ्या लक्षात आले नाही.

दुपारी जेवायला मांस, बटाटे, लाल फळांचा रस घट्ट करून. लेने फार जेवली नाही.

१० ऑगस्ट

गाडी आज लागली. मी मंडळाच्या टेबलावर होतो, स्टेशनवर योखिम दोर धरायला गेला होता. दुपारी ल्यूथ आला. टोपी हातात.

"योखिमचं खांद्याचं हाड मोडलंय. आणखी काही नाही. बांधून दिलंय, तुमच्या घरी पोहोचवलाय."

"कसं झालं?"

"डब्यात चढवायला फळ्यांचा रॅम्प लावतात ना. योखिम घोडी घेऊन चढत होता. ती कडेवरून खाली गेली, त्याला घेऊन. घोडी बरी आहे. त्याच्यावर पडली म्हणून बरी आहे."

"कोणती घोडी?"

"तेवेसांची."

मी म्हणालो की ती घाबरली असेल. इंजिनाची वाफ, गर्दी.

"घाबरली नव्हती, मेजर. तिला कड दिसली नाही. आंधळी आहे ती. दोन्ही डोळे पिकलेत, दुधासारखे. पडल्यावर परत आणली तेव्हा गोठ्याच्या दारातूनच मला दिसले. एवढ्या घोड्यांत मागं बांधली होती, म्हणून तीन दिवस नजरेतून सुटली."

"मी हात नेला तेव्हा तिनं मान हलवली."

"हात कसा नेलात? जोरात?"

"नेहमीसारखा."

"वारा लागला तिला. हात हळू न्यायचा, बोटं मिटून."

हे मला ठाऊक आहे. तरुण अधिकाऱ्यांना मी हे शिकवले आहे. त्या दिवशी घाई होती.

"पण चाल, ल्यूथ! चाल पाहायला हवी होतीस. असं उंच पाऊल..."

ल्यूथने टोपी टेबलावर ठेवली. "आंधळा घोडा पाऊल उंचच टाकतो, मेजर. पुढं दगड आहे की खड्डा, त्याला कळत नाही. म्हणून आधी उचलून ठेवतो. आणि कान सारखे हलवतो."

मग त्याने टोपी घातली.

"घोडी बाजूला काढून ठेवलीय. तुम्ही सांगाल तसं."

संध्याकाळी जिना चढताना मी मध्येच थांबलो. एक पाय वर होता.

११ ऑगस्ट

सकाळी एकटा गोठ्यावर गेलो. मीके शेवटच्या खुंट्याला होती. तिने माझी चाहूल घेतली. मी बोटे मिटून हात हळू पुढे नेला. तिने काही केले नाही. हात आणखी पुढे गेला, पापणीच्या केसांना लागला, तेव्हा तिने डोळा मिटला. मी तोंड अगदी जवळ नेले. इतक्या जवळून मलाही दिसले. दूध.

मग तोच हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. उजव्यासमोर, डाव्यासमोर. बोटे होती. किती, ते मला ठाऊक होते म्हणून दिसत होती.

घरी योखिम तबेल्याशेजारच्या खोलीत पडला होता. हात छातीशी बांधलेला.

"दुखतंय?"

"हसलो की दुखतं. म्हणून कुणी आत येऊ नका म्हणून सांगितलंय."

मी त्याच्या खाटेवर बसलो. "योखिम, ती टिचकी. रिकिबीवरची. केव्हापासून?"

तो छताकडे पाहत राहिला. "गेल्या ईस्टरपासून. तुम्ही तीनदा हवेत पाय घातला होतात."

"बोलला का नाहीस?"

"मेजरसाहेबांना काय बोलणार? तुम्ही म्हणालात, रिकीब हलते. मी चामडं बदललं. तीनदा बदललं. नवंकोरं आहे."

"आणि श्लेस्विगला कशाला निघाला होतास? या वयात?"

"मग टिचकी कोण मारणार?" तो म्हणाला. "आता हा खांदा. पण डावा हात चालतो. डाव्या हातानं मारीन."

तो थट्टा करीत नव्हता. रॅम्पच्या कडेवरून तो माझ्यामुळे पडला होता आणि पुन्हा माझ्याबरोबर चढायला तयार होता. त्याच्यामागे दीडशे माणसे. कुणीही तोंड उघडले नसते. मी 'तुम्ही लिहा' म्हटले असते आणि त्यांनी लिहिले असते.

लेने बागेत होती. मी तिला आवाज दिला. ती जवळ आली तेव्हा पावलांवरून कळली.

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

कशाबद्दल, असे तिने विचारले नाही. "फेब्रुवारीत तू माझ्या नव्या टोपीला छान म्हणालास. मी जुनी घातली होती."

"सांगायचं होतंस."

"घड्याळाचं विचारलं तर खेळ म्हणालास."

"सरळ सांगायचं होतंस, लेने."

"सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" ती चिडली होती. "मी वाट बघत होते, कुणीतरी तुला मोठ्या हुद्द्याचा माणूस येऊन सांगेल म्हणून. घोडी येईल असं वाटलं नव्हतं."

मी तिला कागद आणायला सांगितले आणि मजकूर सांगितला. तुकडीची नेमणूक स्वीकारता येत नाही. कारण: दृष्टी.

"एवढंच?"

"एवढंच. वाच."

तिने वाचले. 'दृष्टी' या शब्दावर थांबली नाही, पुढच्या शब्दावर थांबली, ते माझे नाव होते. सहीसाठी तिने बोट ठेवले. या वेळी मी ते बोट चाचपून पाहिले आणि त्याच्याखाली सही केली.

दुपारी ल्यूथला बोलावले. मीकेला परत पाठवायचे, पण मुख्यालयाचा आकडा भरायचा आहे.

"एक घोडी कमी पडते," तो म्हणाला.

"कमी पडत नाही. मी घरी राहतोय. घरी राहणाऱ्याची घोडी मंडळापुढं येते. अल्माला तपास."

"मेजर, एका घोडीसाठी कुणी विचारणार नाही. मी लिहीन, खोकल्यानं मेली."

"तपास, ल्यूथ."

त्याने तपासले. मी तिच्या तोंडाशी उभा होतो. तो ओरडला नाही, हळूच म्हणाला, "तांबूस घोडी. अकरा वर्षं. डोळे स्वच्छ." पाय मी स्वतः पाहिले. दुसऱ्याच्या हातात दिले नाहीत. मागच्या उजव्या पायाची शीर किंचित जाड आहे, ती कोवळेपणापासूनची, त्याने अडत नाही.

"सवारीची," मी म्हणालो. "पहिला वर्ग."

मग त्याला विचारले की प्रमुखपद कोणाकडे द्यायचे. मी राजीनामा तयार ठेवला आहे.

"डोळे मी बघतो," तो म्हणाला. "नाही तरी मीच बघत होतो. पण लंगडा घोडा माझ्या हातून सुटतो, तुमच्या नाही. राजीनामा द्यायचा तर द्या, मग या सगळ्या लंगड्या घोड्यांवर पोरं बसतील."

राजीनामा ठेवून दिला. उद्यापासून तो ओरडेल आणि मी ऐकेन. हे सगळ्यांसमोर सांगेनही.

१२ ऑगस्ट

अल्मा सकाळच्या गाडीने गेली. फळ्यांवरून मी स्वतः चढवली. कड कुठे आहे ते ल्यूथ सांगत होता: डावीकडे, मेजर, आणखी डावीकडे. ती सरळ चढली. तिला दिसत होते. डब्यात तिच्या मानेवर हात ठेवला आणि काढला. फळी उचलण्याचा आवाज आला.

हार्डर तिथे होता. जाताना त्याने टोपीला हात लावला म्हणे. ल्यूथने सांगितले.

मग मीकेला घेऊन निघालो. ल्यूथ माणूस देत होता. नको म्हटले. बांधावरची वाट अरुंद आहे, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उतार. पहिल्या वळणाला मी दोर ओढला आणि ती थांबली. मी पुन्हा ओढला. ती हलली नाही. पायाने चाचपले: पुढे गवत, मग काही नाही. त्यानंतर मी दोर सैल सोडला. ती पुढे, मी मागे. तिचे पाऊल उंच उचलले जाई आणि नेमके पडे. मला तिच्या पावलांचा आवाज पुरला.

वीबके तेवेस शेताच्या कडेला होती. लांब दांड्याच्या विळ्याचा आवाज थांबला.

"कोण ते?" आणि मग, "मीके!"

घोडी तिच्याकडे गेली. मी दोर सोडला.

"तेवेसबाई, तुम्ही खरं बोलत होता. मी पाहिलं नाही. मला दिसत नाही."

ती घोडीच्या पायांवरून हात फिरवत असावी.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी नुसतेच तिथं उभे होता? आणि सगळे हो मेजरसाहेब, हो मेजरसाहेब करत होते?"

"हो."

"आणि आता या बांधावरून आलात. एक आंधळी, दुसरा आंधळा." तिला हसू आले की राग, कळले नाही. "कालव्यात पडला असता तर लेनेबाईला काय सांगायचं होतं मी?"

"घोडीला रस्ता पाठ आहे. तुम्हीच सांगितलं होतंत."

"तुमची अल्मा कुठाय?"

"सकाळी गेली."

विळा पुन्हा उचलल्याचा आवाज आला, पण ती कापायला लागली नाही.

"माझे दोन गेले ते गेलेच," ती म्हणाली. "ते काही तुमच्या डोळ्यांमुळं गेले नाहीत. ते मी विसरणार नाही, हे सांगून ठेवते."

"विसरू नका."

तिने मला ताक दिले. उभ्यानेच प्यायलो. निघताना तिने मोलकरणीला हाक मारली: "बाईंकडं एवढी ताकाची किटली पोहोचवायची आहे, मेजरसाहेबांबरोबरच जा." मुलगी माझ्यापुढे चालत होती. किटली तिच्या हातात खुळखुळत होती, रिकामी. त्या आवाजामागे चालत घरी आलो.

१३ ऑगस्ट

सकाळी आठला भरती सुरू झाली. डोळे ल्यूथने पाहिले, पाय मी. घरी परतलो तेव्हा तेवेसांच्या शेताकडून गाडीच्या कोरड्या चाकाचा आवाज येत होता. मीके गहू वाहायला लागली होती.